रात्र, स्वरलिपी आणि निरूपण : विवाल्दीच्या एका बॅसून-कन्चेर्तोच्या अर्थनिर्णयनाचा प्रश्न

१

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरी हे आज उड्डाणपूल, रेल्वेस्थानक आणि मोठी बाजारसंकुले यांमुळे ओळखले जाणारे उपनगर आहे. तेथील दंडीश्वराचे शिवालय मात्र त्याच्या चोळकालीन शिलालेखांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. स्थलपुराण या गावाच्या नावाची व्युत्पत्ती 'वेदश्रेणी' अशी लावते. चारही वेदांनी येथे शिवाची उपासना केली, अशी ती कथा आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती कितपत टिकेल हा प्रश्न निराळा. साहित्याच्या अभ्यासकाला तिच्यातून मिळणारी सूचना महत्त्वाची वाटावी. ज्या गावाचे नाव परंपरा वेदपठणाशी जोडते, त्याच गावातील देवळात तमिळ शिवालयांच्या रीतीप्रमाणे नागस्वरम् आणि तविल ही वाद्ये पूजेचा भाग असतात. संहिता आणि प्रयोग यांच्या नात्याची दोन टोके अशा ठिकाणी एकाच आवारात भेटतात.

एका टोकाला वेदपठण आहे. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा उलटसुलट रचनांनी येथे संहितेचे अक्षर न् अक्षर जखडून ठेवलेले असते. पठण करणाऱ्याला अर्थ ठाऊक असो वा नसो, स्वर चळता कामा नये, ही त्याची पहिली अट. दुसऱ्या टोकाला नागस्वरावरील रागालापना आहे. तिला लिखित संहिताच नाही. राग ठाऊक असतो, त्याची वळणे ठाऊक असतात, आणि वादकाने त्या क्षणी जे वाजवले तीच संहिता ठरते. युरोपीय संगीतातील स्वरलिपीबद्ध रचना सर्वसाधारण समजुतीप्रमाणे पहिल्या टोकाकडे झुकते. लिहिलेले तसेच वाजवावे, असा तिचा दंडक मानला जातो. ही समजूत एकोणिसाव्या शतकानंतरच्या संगीताबद्दल बरीच खरी असली, तरी सतराव्या-अठराव्या शतकांतील बरोक संगीताबद्दल ती अपुरी आहे.

प्रस्तुत निबंधात आन्तोनिओ विवाल्दी (१६७८–१७४१) याच्या एका बॅसून-कन्चेर्तोच्या आधारे या अपुरेपणाची चिकित्सा करावयाची आहे. 'इंटरप्रिटेशन' या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत 'अर्थनिर्णयन' हा शब्द रूढ आहे. वादकाच्या कृतीचे वर्णन करण्यास हा शब्द तोकडा पडतो आणि त्या जागी कीर्तनपरंपरेतील 'निरूपण' ही संज्ञा अधिक नेमकी ठरते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे. या संज्ञेला तंजावरच्या मराठी दरबाराचा इतिहास आहे; म्हणून ही तुलना केवळ सोयीची नाही.

२

विवाल्दीच्या नावावर सुमारे पाचशे कन्चेर्तो आहेत. त्यांतील सर्वाधिक व्हायोलिनसाठी आहेत, हे स्वाभाविक. तो स्वतः व्हायोलिनवादक होता. पण एकल वाद्य म्हणून दुसरा क्रमांक बॅसूनचा लागतो, ही गोष्ट आश्चर्याची आहे. या वाद्यासाठी त्याचे ३९ कन्चेर्तो उपलब्ध असून त्यांतील दोन अपूर्ण आहेत. बॅसून हे दुहेरी पत्तीचे, खर्जातील लाकडी सुषिर वाद्य. त्या काळापर्यंत त्याचे काम मुख्यतः साथीचे होते. चेलो आणि हार्पसिकॉर्ड यांच्याबरोबर खर्जाची ओळ धरून ठेवायची, एवढेच. अशा वाद्याला निवेदकाच्या जागी आणून बसवणे म्हणजे कीर्तनात मागे उभ्या असलेल्या साथीदाराने पुढे येऊन आख्यान हाती घेण्यासारखे आहे. हे कन्चेर्तो कोणासाठी लिहिले गेले याचे धागे थोडेच हाती लागतात. एका हस्तलिखितावर बोहेमियातील सरदार मोर्त्सिन याचे नाव आहे, तर दुसऱ्यावर व्हेनिसमधील वादक ज्युझेप्पे बियांकार्दी याचे. ज्या 'पिएता' या अनाथ मुलींच्या आश्रमात विवाल्दीने दीर्घकाळ संगीत शिकवले, तेथील वाद्यवृंदातही नाना वाद्ये वाजवणाऱ्या मुली होत्या.

या रचनांचा ग्रहणेतिहास त्यांच्या अर्थनिर्णयनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. विवाल्दीच्या मृत्यूनंतर त्याचे संगीत जवळजवळ विस्मृतीत गेले. १९२६ साली उत्तर इटलीतील मोन्फेरातो भागातल्या एका सालेशियन विद्यालयाने आपल्याकडील जुन्या हस्तलिखितांचे मूल्यमापन ट्यूरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडून करवून घेतले. ट्यूरिन विद्यापीठातील संगीताचे अभ्यासक आल्बेर्तो जेन्तिली यांना त्यांत विवाल्दीच्या स्वहस्ताक्षरातील संगीत आढळले. संग्रह अर्धाच आहे हे लक्षात आल्यावर उरलेल्या अर्ध्याचा शोध झाला. १९२७ आणि १९३० मध्ये फोआ आणि जोर्दानो या दोन कुटुंबांच्या देणग्यांतून दोन्ही भाग ग्रंथालयाने मिळवले. आपल्या मृत बालकांच्या नावे त्यांनी या देणग्या दिल्या होत्या. बॅसून-कन्चेर्तो आपल्यापर्यंत आले ते या संग्रहातून. पुढे १९३०च्या दशकात कवी एझ्रा पाउंड आणि व्हायोलिनवादक ओल्गा रज यांनी या हस्तलिखितांकडे लक्ष वेधले. रज यांनी ट्यूरिनमधील संग्रहाची सूची केली आणि १९३९ मध्ये सिएना येथे विवाल्दी-सप्ताह साजरा झाला. आधुनिकतावादी काव्याच्या एका प्रवर्तकाने अठराव्या शतकातील संगीताच्या हस्तलिखितांसाठी झटावे, ही घटना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने केवळ किस्सा म्हणून सोडून देऊ नये. जुन्या प्रोव्हांसाल आणि चिनी काव्यासंबंधी पाउंड जे करीत होता, त्याच वृत्तीचा हा भाग होता. खंडित झालेली परंपरा पुन्हा हाती घेताना ती 'नवी' करून घ्यावी लागते, ही ती वृत्ती.

याचा अर्थ असा, की या कन्चेर्तोंना अखंड वादनपरंपरा नाही. गुरूकडून शिष्याकडे त्यांचा पाठ आलेला नाही. मधली सुमारे दोनशे वर्षे कागद होता, पण आवाज नव्हता. वेदपठणात कागद नसताना आवाज टिकला. येथे उलट झाले. स्वरलिपी जे सांगते ते उपलब्ध आहे, आणि ती जे गृहीत धरते ते हरवलेले आहे. विवाल्दीच्या संहितेचा वाचक म्हणून वादकाची जबाबदारी येथून सुरू होते.

३

विवाल्दीच्या रचनांच्या पेटर रिओमकृत सूचीत ५०१ या क्रमांकाखाली येणारा, बी-फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतील बॅसून-कन्चेर्तो 'ला नोत्ते', म्हणजे 'रात्र', या नावाने ओळखला जातो. त्याच्या हस्तलिखितात काही चरणांवर छोट्या शब्दयोजना आहेत. एका द्रुत चरणावर 'भुते', एका संथ चरणावर 'झोप' आणि शेवटच्या द्रुत चरणावर 'उषा उगवते' अशा अर्थाचे इटालियन शब्द आहेत. संपूर्ण रचनेचा शाब्दिक भाग एवढाच.

१७२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विवाल्दीच्या आठव्या संग्रहातील चार ऋतूंवरचे व्हायोलिन-कन्चेर्तो याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहेत. तेथे प्रत्येक ऋतूसाठी एक सुनीत छापलेले असून त्यातील ओळी संगीताच्या त्या त्या जागी अक्षरांकनाने जोडलेल्या आहेत. पक्षी, ओढा, वादळ, कुत्र्याचे भुंकणे हे सर्व शब्दांनी आधी सांगितलेले आहे आणि संगीताने ते दाखवायचे आहे. 'रात्र' या कन्चेर्तोत तसे नाही. 'भुते' म्हटले आहे. पण ती कोणाला दिसतात, कोठे, ती भयंकर आहेत की खोडकर, यांविषयी संहिता मौन पाळते. सुनीताच्या साथीने आलेले संगीत वर्णनपर आहे, तर शीर्षकाच्या साथीने आलेले संगीत सूचनपर आहे, असा भेद करता येईल. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर पहिल्यात वाच्यार्थाचा भार शब्दांवर आणि दुसऱ्यात व्यंग्यार्थाचा भार स्वरांवर आहे.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. हे शब्द वाजत नाहीत. सभागृहातील श्रोत्याला ते ऐकू येत नाहीत. ते दिसतात फक्त वादकाला. नाटकाच्या छापील प्रतीतील रंगसूचनांशी त्यांचे नाते जुळते. 'घाबरून', 'मंद प्रकाशात' या सूचना प्रेक्षक वाचत नाही. त्या नटाच्या देहातून आणि रंगमंचावरील प्रकाशातून त्याच्यापर्यंत पोचतात. म्हणजे या कन्चेर्तोचा पहिला वाचक वादक आहे आणि श्रोत्याला संहिता मिळते ती त्याच्या वाचनानंतर. 'झोप' हा शब्द वाचल्यावर तो स्वराची सुरुवात किती मऊ करील, लांब स्वरात किती श्वास ऐकू येऊ देईल, शेवटच्या स्वराला कंपन देईल की तो सरळच विझू देईल, या कशाचीही नोंद कागदावर नाही. तरीही या निर्णयांवाचून तो शब्द संगीतात उतरत नाही.

'रात्र' याच नावाचा विवाल्दीचा बासरीसाठीचा एक कन्चेर्तोही आहे. जी मायनरमधील ही रचना त्याच्या दहाव्या संग्रहात आली असून रिओमच्या सूचीत तिचा क्रमांक ४३९ आहे. तिच्यातही 'भुते' आणि 'झोप' आहेत. मात्र झोपेनंतरच्या अखेरच्या द्रुत चरणावर उषेचा उल्लेख नाही. मायनर स्वरपट्टीतील ती रात्र रात्रच राहते. बॅसूनच्या रचनेत मेजर स्वरपट्टी आहे, आणि शेवटी पहाट होते असे शब्दांत सांगितले आहे. एकाच शीर्षकाखाली येणाऱ्या या दोन रचना रात्रीची दोन आख्याने आहेत: एक भयाचे, दुसरे भयातून सुटकेचे. खर्जातील, जड समजल्या जाणाऱ्या वाद्याच्या वाट्याला पहाट यावी, हे विशेष. मराठी वाचकाला येथे भूपाळीची आणि काकडआरतीची आठवण व्हावी. त्या परंपरेत पहाट आपोआप होत नाही. ती गाऊन करावी लागते, देवाला जागे करावे लागते. विवाल्दीच्या शेवटच्या चरणालाही हा न्याय लावता येतो. उषा उगवते हे कागदावर लिहिले म्हणून ती उगवत नाही. आधीच्या चरणांतील अंधार वादकाने पुरेसा गडद केला असेल, तरच ती उगवते. 'भुते' निव्वळ चपळ स्वरसमूह म्हणून सफाईने वाजवली गेली, तर शेवटचा चरणही तसाच एक चपळ स्वरसमूह होऊन राहतो आणि दोहोंतील फरक कार्यक्रमपत्रिकेपुरता उरतो.

४

बरोक कन्चेर्तोच्या रचनाबंधाचा कणा 'रितोर्नेल्लो' आहे. शब्दशः अर्थ 'लहानसे परतणे'. सर्व वाद्यवृंद मिळून एक परिच्छेद वाजवतो. मग एकल वाद्य आपले बोलते. पुन्हा वाद्यवृंद तोच परिच्छेद पूर्ण किंवा अंशतः घेऊन येतो. अभंगातील ध्रुवपद किंवा कर्नाटक कीर्तनातील पल्लवी यांच्याशी याचे साम्य सहज दिसते. कडवे पुढे नेते, ध्रुवपद परत आणते.

परंतु साम्य नोंदवून थांबणे तौलनिक अभ्यासाला पुरेसे नाही. पल्लवी ज्या आधारस्वरावर सुरू झाली त्याच आधारस्वरावर परतते. तंबोरा तिला हलू देत नाही. रितोर्नेल्लोचे तसे नसते. चरणाच्या मध्यभागी तो दुसऱ्या आधारस्वरावर परततो. कधी मेजरचा मायनर होऊन येतो, कधी त्याचे अर्धेच अंग येते. परिच्छेद ओळखीचा, पण जागा परकी. शेवटी तो मूळ आधारस्वरावर येतो तेव्हाच घरी पोचल्याची जाणीव होते. पल्लवीतले परतणे ही मुक्कामाची खूण असते, तर रितोर्नेल्लोच्या मधल्या आवृत्त्या प्रवासाच्या खुणा असतात. साहजिकच अभंग गाणाऱ्याची आणि कन्चेर्तो वाजवणाऱ्याची स्मृतीकडून असलेली अपेक्षा वेगळी ठरते. अभंगात श्रोत्याला ध्रुवपद पुन्हा भेटल्याचा आनंद हवा असतो. कन्चेर्तोत, भेटलेली ओळ तीच असून आता ती तीच राहिलेली नाही, हे त्याला जाणवावे लागते. मधली प्रत्येक आवृत्ती एकाच वजनाने वाजवणारा वाद्यवृंद हा प्रवास पुसून टाकतो.

एकल परिच्छेदांत विवाल्दी बॅसूनकडून एक खास काम करून घेतो. वाद्याचा आवाज अगदी खालच्या स्वरांवरून एकदम मधल्या-वरच्या स्वरांत उडी घेतो आणि लगेच खाली येतो. अशा उड्या सलग आल्या की एकच वाद्य दोन आवाजांत बोलत असल्याचा भास होतो. खाली एक पात्र, वर दुसरे. कीर्तनकार उत्तररंगात एकटाच उभा राहून यशोदाही होतो आणि कृष्णही होतो. मान वळवून, आवाज बदलून तो संवाद उभा करतो. बॅसूनवादकाजवळ मान वळवण्याची सोय नाही. त्याला हे पात्रभेद ध्वनीचा रंग, आघात आणि विराम यांतून करावे लागतात. कागदावर मात्र सर्व स्वर एकाच ओळीत, एकाच आकाराचे दिसतात. दोन आवाज वेगळे आहेत हे वाचणे आणि ते वेगळे ऐकवणे, ही वादकाची समीक्षात्मक कृती आहे.

५

या कृतीत वाद्याचा वाटा किती? विवाल्दीच्या काळचा बॅसून चार तुकड्यांत सुटणारा, बहुधा मेपलच्या लाकडाचा आणि मोजक्याच चाव्यांचा असे. मधले अर्धस्वर बोटांच्या आडव्या-तिरप्या मांडणीने काढावे लागत आणि त्यामुळे प्रत्येक स्वराचा पोत थोडा वेगळा लागे. एखादा उघडा, एखादा घुसमटलेला. एकोणिसाव्या शतकात कार्ल आल्मेनरेडर आणि हेकेल घराणे यांनी जर्मनीत या वाद्याची पुनर्रचना केली. चाव्या वीसपेक्षाही अधिक झाल्या, स्वर एकसारखे झाले आणि मोठ्या वाद्यवृंदात टिकाव धरील असा आवाज मिळाला. सुधारणा निःसंशय मोठी होती. पण तिच्यात एक गोष्ट गेली. बी-फ्लॅट मेजरमधील स्वर आणि दूरच्या एखाद्या स्वरपट्टीतील स्वर यांच्या पोतात जुन्या वाद्यावर जो फरक आपोआप पडत असे, तो आता वादकाला मुद्दाम निर्माण करावा लागतो. रितोर्नेल्लो परक्या जागी गेल्याची जाणीव जुन्या वाद्याच्या लाकडातच होती.

नागस्वराचा इतिहास या ठिकाणी उद्बोधक ठरतो. टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांच्या काळात उंच स्वराच्या, आखूड 'तिमिरी' नागस्वराच्या जागी लांब, खालच्या स्वराचे 'बारी' नागस्वरम् प्रतिष्ठित झाले. नरसिंगमपेट्टै येथील रंगनाथन आचारी यांनी केलेल्या वाद्यांचा या बदलात मोठा वाटा आहे. येथेही वाद्य बदलले. परंतु चाव्या लागल्या नाहीत. सात छिद्रे, ओठांचा दाब आणि बोटांची अर्धवट उघडझाप यांवरच सर्व गमकांची भिस्त राहिली. युरोपने स्वर समान करण्याच्या दिशेने वाद्य बदलले, तमिळ परंपरेने आलापनेला विस्तार मिळावा या दिशेने. म्हणून कमी चाव्यांचा जुना बॅसून हा आधुनिक बॅसूनपेक्षा नागस्वराला अधिक जवळचा आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

दोन्ही वाद्यांची पत्ती नदीकाठी वाढणाऱ्या, पोकळ पेरांच्या गवतापासून होते. नागस्वराच्या पत्तीला तमिळमध्ये 'शीवाळी' म्हणतात आणि वादक तिच्या जादा प्रती वाद्याला दोऱ्याने लटकवून ठेवतो. बॅसूनवादकही पत्ती बहुधा स्वतःच चाकूने तासतो. ती फार दिवस टिकत नाही आणि एकीसारखी दुसरी होत नाही. मराठीत याच जातीच्या वनस्पतीपासून केलेल्या लेखणीला 'बोरू' म्हणतात. बोरू कसा तासला त्यावर अक्षराचे वळण ठरे, हे मोडी हस्तलिखिते हाताळणाऱ्यांना ठाऊक आहे. पत्तीचेही तेच. जाड पत्ती 'भुतां'ना अनुकूल आणि 'झोपे'ला प्रतिकूल असू शकते. अर्थनिर्णयनाचा काही भाग एकही स्वर वाजण्यापूर्वी चाकूच्या टोकाशी ठरलेला असतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुनी वाद्ये आणि जुने ग्रंथ यांच्या आधारे वादन करण्याची चळवळ युरोपात बळावली. क्वान्त्सचा १७५२ मधील बासरीविषयक ग्रंथ आणि लिओपोल्ड मोत्सार्टचा १७५६ मधील व्हायोलिनविषयक ग्रंथ यांतून एक गोष्ट निर्विवाद स्पष्ट झाली. संथ चरणातील स्वर लिहिल्यासारखे उघडे वाजवणे हे त्या काळी अपुरेपणाचे लक्षण होते. अलंकरण वादकाने करायचे, हे गृहीत होते. खर्जाच्या ओळीवर लिहिलेल्या अंकांवरून संवादी स्वर भरण्याचे कामही वादकाकडे असे. निकोलाउस हार्नोनकोर्ट यांनी १९८२ मधील आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच संगीताला नादरूप वक्तृत्व म्हटले. उलट, रिचर्ड तारुस्किन यांनी १९९५ मधील आपल्या लेखसंग्रहातून असा आक्षेप घेतला, की 'अस्सल' म्हणवणारे हे वादन प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या आधुनिकतावादी अभिरुचीचेच अपत्य आहे. भूतकाळाच्या नावाने वर्तमानच बोलतो आहे. जुन्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी आज सर्रास वापरली जाणारी ४१५ कंपनांची पट्टी याचा एक पुरावा मानता येईल. विवाल्दीच्या व्हेनिसमधील पट्टी तिच्याहून उंच, आजच्या ४४०च्या आसपास होती, असे अभ्यासक मानतात. अस्सलतेचा हा एक संकेत विसाव्या शतकाने सोयीसाठी ठरवलेला आहे.

विवाल्दीच्या बॅसून-कन्चेर्तोंच्या दोन वादकांची तुलना हा वाद मूर्त करते. क्लाउस थुनेमान यांचे इ मुझिची या वृंदासह झालेले वादन आधुनिक वाद्यावरचे आहे. त्यात स्वर गोल आणि समान आहे, वाक्ये लांब आहेत, उड्या सफाईदार आहेत. ओळ गायलेली वाटते. सेर्जो आत्सोलिनी यांचे वादन जुन्या धर्तीच्या वाद्यावरचे. त्यात स्वर सरसकट सारखा नाही, वाक्ये मध्येच तुटतात, लय ओढली-सोडली जाते, संथ चरणात अलंकरणाची रेलचेल असते; ओळ बोललेली वाटते. पहिल्यातील उणीव ही, की पात्रे एकमेकांत मिसळतात. दुसऱ्यातील धोका हा, की पात्रे इतकी रंगतात की आख्यान मागे पडते. कोणते वादन विवाल्दीला 'प्रामाणिक', हा प्रश्न येथे चुकीचा ठरतो. दोघांनीही जे कागदावर नाही त्याची भर घातली आहे. एकाने ती एकोणिसाव्या शतकाच्या गायनादर्शातून घेतली आणि दुसऱ्याने बरोक वक्तृत्वाच्या कल्पनेतून. फरक आहे तो हा, की दुसऱ्याला आपण भर घालतो आहोत याची जाणीव आहे आणि ती कोठून आणली याचा तो हिशेब देऊ शकतो.

६

जाणीवपूर्वक आणि हिशेब देत घातलेली भर हेच निरूपणाचे लक्षण आहे. कीर्तनात मूळ पद बदलता येत नाही. पूर्वरंगात ते घेतले जाते, मधून मधून त्याच्याकडे परतले जाते. पण केवळ पद म्हणून खाली बसणाऱ्याला कोणी कीर्तनकार म्हणत नाही. दृष्टान्त, उपकथा, प्रतिपक्षाचे खंडन यांतून तो पद उलगडतो आणि श्रोत्यांच्या समोर, त्यांच्या प्रतिसादाच्या साक्षीने उलगडतो. अर्थनिर्णयनात 'निर्णय' अखेरचा असतो. निरूपणात उद्याच्या निरूपणाला जागा शिल्लक असते. तसेच अर्थनिर्णयन संहितेच्या बाहेर उभे राहून करता येते, निरूपण मात्र संहिता उच्चारल्यावाचून होत नाही. वादकाची कृती दोन्ही अंगांनी निरूपणाची आहे.

ही संज्ञा चेन्नईच्या परिसराला परकी नाही. तंजावरच्या मराठी राजवटीत ती तमिळ प्रदेशात रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबावा मोरगावकर यांच्या कीर्तनांचा आदर्श घेऊन तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे मराठी छंद तर आलेच. 'निरूपणम्' हा शब्दही आला. त्याआधी सरफोजी राजे दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या नावे असलेल्या मराठी नृत्यरचनांनाही 'निरूपण' हेच नाव आहे. 'कोर्व्यांच्या साहित्याचे जिन्नस' या नावाने त्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केल्या. एका निरूपणात जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाणा अशी अंगे क्रमाने येतात. सर्वांचा राग एक, ताल एक आणि कथाविषयही एक. एकाच स्वरपट्टीत गुंफलेल्या नृत्यांची युरोपीय बरोक 'स्वीट' आणि हे निरूपण यांचे रचनातत्त्व आश्चर्यकारक रीतीने जवळचे आहे.

या जवळिकीतून प्रभावाचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. सरफोजींच्या दरबारात युरोपीय वाद्यांचा बँड होता आणि धर्मोपदेशक श्वार्त्स यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते, हे प्रसिद्ध आहे. त्या काळच्या ब्रिटिश लष्करी बँडांत क्लॅरिनेट आणि हॉर्न यांच्यासोबत बॅसून हे नेहमीचे वाद्य असे. पण पाश्चात्त्य संगीताच्या स्वीकाराचा या प्रदेशातील सर्वांत बोलका पुरावा दरबाराबाहेर मिळतो. मुथुस्वामी दीक्षितर यांचा मद्रासजवळील मणली येथे मुक्काम असताना त्यांचे बंधू बालुस्वामी व्हायोलिन शिकले, आणि मुथुस्वामींनी इंग्रजी चालींवर संस्कृत साहित्य बांधले. सुमारे चाळीस 'नोट्टुस्वर' रचना अशा उपलब्ध असून त्यांतील एक ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवर आहे. दीक्षितरांनी चाल घेतली, संवादी स्वरांची चौकट वगळली, मेजर स्वरपट्टीला शंकराभरण रागाच्या जागी बसवले आणि शब्द देवतास्तुतीचे घातले. हे अनुकरण नव्हे आणि भाषांतरही नव्हे. परकी ओळ पद म्हणून स्वीकारून तिच्यावर केलेले ते निरूपण आहे. मात्र दीक्षितरांची गमकसमृद्ध कृतींची शैली येथे जवळजवळ अनुपस्थित आहे, हेही नोंदवले पाहिजे. चालीचा साधेपणा त्यांनी तिचा गुण म्हणून राखला.

तंजावरच्या निरूपणांचे पुढे जे झाले ते ट्यूरिनच्या हस्तलिखितांशी ताडून पाहावे. येथेही कागद उरला आणि प्रयोग थांबला. मुंबईतील नृत्यगुरू आचार्य पार्वतीकुमार यांनी या मराठी रचनांचा दीर्घ अभ्यास करून त्या भरतनाट्यमच्या रंगमंचावर आणल्या. पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर यांनीही तंजावरच्या मराठी राजांच्या रचनांवर संशोधन करून त्या सादर केल्या. कागदावर साहित्य होते, राग-तालांचे निर्देश होते. देहाच्या हालचाली अर्थातच नव्हत्या. ज्या परंपरेत त्या देहाच्या स्मृतीत टिकल्या होत्या, त्या तंजावरच्या नट्टुवनार घराण्यांकडे जावे लागले. आत्सोलिनी क्वान्त्सच्या काळातील वादनसंकेतांकडे वळतात त्याच गरजेपोटी हे झाले. फरक इतकाच, की विवाल्दीच्या बाबतीत साक्ष मृत ग्रंथांची होती आणि तंजावरच्या बाबतीत जिवंत माणसांची.

७

मराठी समीक्षेत तंजावरच्या साहित्याचे वाचन प्रामुख्याने भाषिक आणि ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून झाले आहे: कोणता शब्द तमिळचा, कोणते रूप जुने, कोणता राजा कर्ता. हे काम आवश्यकच होते. परंतु प्रयोगासाठी लिहिलेल्या संहितेचे केवळ दस्तऐवज म्हणून केलेले वाचन हे स्वरलिपी डोळ्यांनी वाचून कन्चेर्तोचे मूल्यमापन करण्यासारखे आहे. स्वरजतीचे साहित्य कागदावर बाळबोध वाटते, म्हणून ते सामान्य ठरवले जाते. विवाल्दीचे संथ चरणही कागदावर असेच उघडेबोडके दिसतात. दोहोंचा उघडेपणा ही उणीव नसून प्रयोगकर्त्यासाठी राखलेली जागा आहे.

तौलनिक साहित्यशास्त्राच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली: 'मूळ संहितेशी निष्ठा' ही कसोटी संहितेच्या प्रकारानुसार बदलली पाहिजे. वेदपठणात निष्ठा म्हणजे न बदलणे, आलापनेत निष्ठा म्हणजे रागाच्या मर्यादेत नवे घडवणे, आणि बरोक कन्चेर्तोत व तंजावरच्या निरूपणात निष्ठा म्हणजे रिकामी ठेवलेली जागा हिशेब देत भरणे. तिसऱ्या प्रकाराला पहिल्याची कसोटी लावणारा वादक आज्ञाधारक असतो, पण अर्धीच संहिता वाजवतो. दुसऱ्याची लावणारा स्वतःचेच वाजवतो. दुसरी: दूरच्या परंपरेतील संहितेवर अधिकार जन्माने वा भूगोलाने येत नाही. विवाल्दीच्या कन्चेर्तोंची परंपरा व्हेनिसमध्येही तुटलेली होती. तेथील आजच्या वादकालाही ती हस्तलिखितांतून आणि ग्रंथांतूनच मिळवावी लागते. त्या अर्थी चेन्नईत किंवा मुंबईत हे वाद्य हाती घेणारा विद्यार्थी त्याच्याहून फार मागे उभा नाही. उलट, गमकाची सवय असलेला कान, ध्रुवपदाकडे परतण्याची ओढ आणि एकट्याने दोन पात्रे बोलण्याची कीर्तनी रीत यांच्यामुळे काही प्रश्न त्याला लवकर सुचण्याची शक्यता आहे. उत्तरे मात्र त्याला विवाल्दीच्या कागदावर आणि त्या काळच्या ग्रंथांतच तपासून घ्यावी लागतील. कीर्तनकारही दृष्टान्त आपल्या अनुभवातून आणतो आणि अखेरीस मूळ पदापाशीच येऊन थांबतो.